मापाचा खांब

डिप्लोमा झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती मातीच्या ढिगावर. कागदोपत्री मी साइट इंजिनीअर होते, पण पहिले काही महिने साइटवर ढिगाशिवाय दुसरं काही नव्हतंच. निमोण्याच्या बाहेर, आमच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर, पडीक माळावर तो ढीग वाढत होता आणि येणारा-जाणारा गाडी थांबवून विचारत होता, "तळं चाललंय का?" मी सांगायची, म्युझियम. मग तो माणूस एकदा ढिगाकडे बघायचा, एकदा माझ्याकडे बघायचा आणि गाडीला किक मारायचा.

काळ नव्वदच्या दशकाच्या अखेरीचा. रांजणगावला कारखाने आले होते, कारेगावात भाड्याची खोली मिळेनाशी झाली होती आणि आमच्या भागातली मेंढरं बघता बघता कमी होत चालली होती. एका ट्रस्टच्या मनात आलं, की मेंढपाळांच्या वस्तू जपणारं एक संग्रहालय बांधावं. घोंगड्या, लोकर कातरायच्या कात्र्या, मेंढरांच्या गळ्यातल्या घाट्या, मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, असं सगळं. आमचं घराणं मेंढरांमागचंच. माझे वडील, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो आणि मीही आबाच म्हणते, ते माझ्या जन्माच्या सुमारास मेंढरं विकून शेतीला लागले होते. ट्रस्टनं पुण्याहून आर्किटेक्ट आणले आणि आर्किटेक्टना गावातलाच इंजिनीअर हवा होता. आमच्या पंचक्रोशीत सिव्हिल झालेली मी एकटी. मला वाटलं, नशीब उघडलं. ते वाटणं आठवडाभर टिकलं.

आर्किटेक्टना मी सर म्हणायची. ते साठीच्या पुढचे होते आणि साइटवर अनवाणी चालायचे. पहिल्या दिवशी ते आले तेव्हा त्यांच्या काखेत नकाशांची गुंडाळी नव्हती. ते सरळ आमच्या घरी आले आणि आबांना म्हणाले, मेंढरं रानात बसवताना जाळी कशी लावता ते दाखवा. आबांनी माळ्यावरून जुनी जाळी काढली, अंगणात मेखा ठोकल्या आणि गोल वेढा घातला. सर त्या वेढ्यात शिरून बराच वेळ उकिडवे बसून राहिले. माझी आई स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होती. तिनं मला हळूच विचारलं, "ह्यांनी आधी कुठं काय बांधलंय का?"

"कोपरा कुठंच कसा नाही?" सरांनी आबांना विचारलं.

"कोपरा ठिवला की मेंढरं बुजल्यावर तिथंच दाटत्यात," आबा म्हणाले. "खालची गुदमरून मरत्यात. आन् मधी मेख ठोकायची न्हाई. पळताना तिच्यावरच जाऊन आपटत्यात."

सरांनी हे वहीत उतरवून घेतलं. कोपरा नाही, मधे मेख नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्या इमारतीचा तोच पहिला नकाशा.

मी कॉलेजात शिकले होते ते कॉलम, बीम, स्लॅब. खाली खांब, खांबावर तुळई, तुळईवर छत. सरांच्या इमारतीत यातलं काहीच नव्हतं. आधी मुरूम आणि माती टाकून एक टेकाड करायचं, ते धुम्मसनं ठोकून घट्ट करायचं, त्यावर सळयांची जाळी आणि चार बोटं जाडीचं काँक्रीट पसरायचं. काँक्रीट पक्कं झालं की चार बाजूंच्या चार तोंडांतून खालची सगळी माती उकरून बाहेर काढायची. राहील ते छत. ते चार ठिकाणी जमिनीला टेकेल, बाकी सगळीकडे वर असेल. भिंत नाही, दार नाही, खांब नाही. निघालेली माती भोवतीनं लावायची, म्हणजे लोकांना बसायला बांध होईल.

टेकाडाचा आकार सर पायांनी ठरवायचे. रोज सकाळी त्यावर चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. "इथं पाय घसरतोय, इथं पाणीही घसरेल, हे चांगलं आहे," असं म्हणायचे, किंवा "इथं दम लागला, इथली दोन पाट्या माती काढा." मी मागून टेप घेऊन धावायची आणि त्यांच्या दमाची मापं कागदावर मांडायची. काँक्रीट मातीला चिकटू नये म्हणून गावातल्या बायकांना बोलावून सगळं टेकाड शेणानं सारवून घेतलं. सरांनी बजावलं, बोटांचे फराटे पुसू नका. ते फराटे छताला आतून उमटतील, म्हणजे वर बघणाऱ्याला बायकांचे हात दिसतील. ऐकायला सुंदर वाटायचं. पण त्या छताखाली एक दिवस माणसं उभी राहणार आहेत, आणि साइटच्या रजिस्टरवर सही माझी आहे, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

हिशेब पुण्याच्या एका मोठ्या इंजिनीअरनं केला होता. त्याची जाडजूड फाइल मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. निम्मी कळली. न कळलेली निम्मी सारखी मनात यायची. काँक्रीट एका दिवसात, न थांबता झालं. अठ्ठावीस दिवस गोणपाटं अंथरून पाणी मारलं. काँक्रीटची ताकद तपासायच्या क्यूबचे रिपोर्ट चांगले आले. ते मी पर्समध्ये घेऊन फिरायची आणि एसटीत बसल्यावर उघडून पुन्हा वाचायची.

मग माती काढायची वेळ आली. खणणारी टोळी गावातलीच, पंधरा माणसं, आणि मुकादम आबा. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी तळ्याच्या कामावर टोळी सांभाळली होती, त्यामुळे मातीकामात त्यांच्या शब्दाला मान होता. मी सगळ्यांना बसवलं, एक पाटी पालथी घातली आणि समजावलं. आधी चारी तोंडांतून मधोमध पोचायचं. मग छताच्या अगदी मधल्या भागाखालची माती सोडवायची, आणि तिथून कडेकडेनं बाहेर यायचं. छत आधी मधे मोकळं झालं पाहिजे. मोकळं होताना ते केसभर खाली बसेल, ते बसू द्यायचं.

"म्हंजी मधी काहीच न्हाई?" आबांनी विचारलं.

"काहीच नाही."

"आन् वरचं वजन किती?"

मी आकडा टनांत सांगितला. सांगायला नको होता. टोळीतला एक जण हसला आणि बाकीचे वर बघायला लागले. आबांनी पाटी उचलून सुलटी केली आणि म्हणाले, चला.

दोन दिवस मी तोंडाशी उभी राहून काम बघितलं. तिसऱ्या दिवशी सर यायचे होते. ते दक्षिणेत कुठंतरी गेले होते आणि सोलापूरकडून येणाऱ्या गाडीनं सकाळी दौंडला उतरणार होते. ट्रस्टची जीप घेऊन मी त्यांना आणायला निघाले. आबांना सांगितलं, आज हळू घ्या, दुपारपर्यंत आम्ही येतो. त्यांनी मान हलवली.

दौंडला पोचले तर गाडी चार तास लेट. प्लॅटफॉर्म तिकीट काढून बाकावर बसले. चार तासांचे सहा झाले. दौंड म्हणजे सतत गाड्या येणारं-जाणारं स्टेशन, पण त्या दिवशी आपली सोडून सगळ्या गाड्या येत होत्या. तिकिटाचा पुठ्ठा बोटांत फिरवून फिरवून त्याचे कोपरे झिजले. शेवटी बाहेर येऊन गावातल्या एसटीडी बूथला फोन लावला. बूथवाला म्हणाला, "काळजी नगं करू ताई, काम लई जोरात चाललंय." मी हळू घ्या म्हणाले होते.

दुपारी सर उतरले. मी त्यांना सांगितलं की काम जोरात आहे. ते म्हणाले, छान. स्टेशनबाहेर त्यांनी पेरू घेतले, निम्मे मला दिले आणि वरवंड यायच्या आत जीपमध्ये झोपून गेले. मला त्या माणसाचा राग आला. आपल्या छताखाली पंधरा माणसं असताना झोप लागते कशी? चौफुल्याला वळलो, पारगावचा पूल ओलांडला, न्हावरं मागं पडलं, आणि माझ्या हातात ते पेरू तसेच.

पोचलो तेव्हा टोळी बाहेर बांधावर बसून चहा पीत होती. सगळे खुशीत. आबा उठून पुढं आले. "मधलं झालं," म्हणाले.

मी तोंडातून वाकून आत गेले. आत खरंच मोकळं होतं. चारी बाजूंनी उजेड येत होता, वर बायकांच्या बोटांचे फराटे दिसत होते. आणि बरोबर मधोमध, जमिनीपासून थेट छताला भिडलेला, न खणलेल्या मातीचा एक खांब उभा होता.

सर आत आलेच नाहीत. त्यांनी बाहेरूनच बघितलं आणि अनवाणी पायांनी छतावर चढले. वरून मला हाक मारली. खांबाच्या बरोबर वर काँक्रीटला केसासारख्या बारीक चिरा पडल्या होत्या, एका ठिपक्यातून चहूकडे गेलेल्या. सरांनी खिशातून पेन्सिल काढून प्रत्येक चीर जिथं संपते तिथं आडवी रेघ मारली. आम्ही तिथंच बसून राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी बोटानं दाखवलं. एक चीर रेघ ओलांडून ज्वारीच्या दाण्याएवढी पुढं गेली होती.

"छताला खाली बसायचंय," ते म्हणाले, "आणि खांब त्याला बसू देत नाही. सगळा भार एका जागी आलाय." त्यांचा आवाज पहिल्यांदाच बदललेला होता. त्यामुळे मी जास्त घाबरले.

खाली येऊन मी आबांना विचारलं, हा खांब का ठेवला?

"मापाला ठिवलाय. ठिवत्यातच की."

तसा खांब ठेवतात, हे खरं होतं. तळ्याच्या, विहिरीच्या कामावर माती किती खोल काढली हे साहेबाला दिसावं म्हणून मधे एक खांब न खणता सोडतात, त्याच्या डोक्यावर मूळचं गवतही तसंच ठेवतात. टोळीतल्या कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. आयुष्यभर ते तसंच करत आले होते. पण इथं माप कुणाला हवं होतं? उंचीचा आकडा माझ्या कागदावर होता. मी पंधरा माणसांसमोर आबांवर ओरडले. "मी सांगितलं होतं ना, मधे काही ठेवायचं नाही म्हणून? जाळीच्या मधे मेख नको, हे तुम्हीच सांगितलं होतं ना?" त्यापूर्वी मी कधी त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. आबा सदऱ्याला लागलेली माती झटकत राहिले.

सरांनी सांगितलं, खांब एकदम पाडायचा नाही. पाडला तर छत धाडकन बसेल. वरच्या टोकाकडून, छताला लागून, बोटा-बोटानं माती खरवडायची आणि दोन्ही बाजूंनी सारखीच. टिकाव नको, फावडं नको. एका बाजूला ते स्वतः उभे राहतील.

"म्या ठिवलाय, म्या काढतो," आबा म्हणाले. त्यांनी कुणाच्या तरी कमरेचं खुरपं घेतलं. दुसरं खुरपं मी घेतलं. सर मला नको म्हणाले, मग माझ्याकडे एकदा बघून चिरांवर लक्ष ठेवायला वर गेले. बाकीच्यांना लांब, रस्त्यापर्यंत मागं सारलं.

पिंपांवर फळ्या टाकून खांबाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं चढलो. मधे खांब असल्यामुळे मला आबा दिसत नव्हते. फक्त त्यांच्या खुरप्याचा आवाज यायचा, खर्र, खर्र, आणि त्याच लयीत मी खरवडायची. माती घट्ट होती. आम्हीच धुम्मस मारमारून ती तशी केली होती. डोक्याला जवळजवळ छत टेकत होतं. फाइलमधली न कळलेली पानं एकेक करून आठवत होती. मनात येत होतं, आता काही झालं तर आई घरी एकटी. मग वाटलं, असलं काही मनात आणायचं नाही. मग पुन्हा तेच.

वर कुठंतरी टक् असा आवाज झाला. लहानसाच. आमची दोन्ही खुरपी थांबली.

"हायस ना?" पलीकडून आबांचा आवाज आला.

"आहे."

"भायेर जा तू."

"तुम्ही जा."

कुणीच गेलं नाही. थोड्या वेळानं त्यांचं खुरपं पुन्हा सुरू झालं, मग माझंही. वरून सर ओरडले, चालू द्या, चिरा थांबल्यात. त्यांना खरंच तसं दिसलं, की आम्हाला धीर द्यायला ते म्हणाले, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

शेवटी खांबाच्या डोक्यावर फट पडली. पलीकडचा उजेड सुतासारखा दिसला. मी खिशातलं दौंडचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून फटीत सरकवलं. ते आत गेलं. आम्ही खाली उतरून वाट बघितली. अर्ध्या तासानं मी तिकीट ओढलं तर ते निघेना. छत खाली येऊन त्यावर बसलं होतं. पुन्हा वर चढलो, पुन्हा खरवडलं, पुन्हा तिकीट ठेवलं. दिवस मावळायच्या सुमारास सरांनी काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांआधी मी गेले आणि तिकीट ओढलं. ते लगेच हातात आलं. छत थांबलं होतं. मी त्या फळीवरच बसले आणि रडले, आणि मग कुणी यायच्या आत तोंड धुऊन घेतलं.

बाकीची माती निघाली. खांब होता त्या जागी छताला आतून एक काळपट गोल डाग राहिला. तिथली माती काँक्रीटला चिकटून बसली होती आणि फराटे गेले होते. मी म्हटलं, घासून सारखं करू. सर म्हणाले, राहू दे, इमारत कशी झाली ते तिच्या अंगावर दिसू दे. आता येणाऱ्यांना वाटतं ती त्यांची काही कलाकुसर आहे. आबा आणि मी त्या खांबाविषयी पुन्हा बोललो नाही. मी ओरडले होते त्याबद्दल माफी मागायचं रोज ठरवायची आणि रोज राहून जायचं.

उद्घाटनाला मांडव घातला होता, पण कार्यक्रम आत व्हायचा होता. पाहुणे आले, गाव लोटला, आणि सगळे चार तोंडांशी येऊन थबकले. चिरांची बातमी तोवर साऱ्या गावाला माहीत होती. माणसं माना वाकवून वर बघत होती आणि पाय उन्हातच ठेवून होती. कुणीतरी म्हणालं, "खांब न्हाई आन् काय न्हाई." मी आत शंभरदा उभी राहिले होते, पण त्या क्षणी मलाही पाऊल टाकवेना. प्रमुख पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. गाव माझ्याकडे बघत होता.

तेवढ्यात गर्दीतून आबा पुढं आले. लग्नात बांधायचा फेटा बांधला होता. ते सरळ आत चालत गेले आणि त्या काळ्या डागाच्या बरोबर खाली उभे राहिले, हात मागं बांधून. मग एकेक करत लोक आत आले. भाषणं झाली, सत्कार झाले, कुणी खुर्ची पुढं केली तरी आबा बसले नाहीत. मला वाटलं, चला, आबांना आता आपल्या कामाची खात्री पटली. अभिमानानं माझे डोळे भरून आले.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही शेतातून घरी निघालो. निम्म्या वाटेत आबा बांधावर बसले आणि गुडघे चोळायला लागले.

"काय झालं?"

"काय न्हाई. पाय कापाय लागल्यात."

"मग एवढा वेळ उभं कशाला राहिलात?"

त्यांनी फेटा सोडून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तो खांब मापाचा नव्हता."

"माहितीये."

"कसं म्हाईत?"

"मापाचा खांब मांडीएवढा असतो. आपला दोघांच्या कवेत मावला नसता."

"मंग चार माणसांत वरडलीस का?"

"घाबरले होते मी, आबा. चुकलं माझं."

"म्या बी भ्यालो व्हतो. तू वजन सांगितलंस, आन् आमची समदी माणसं खाली." थांबून ते म्हणाले, "तवा बी भ्यालो व्हतो आन् आज बी."

"आज? मग त्या डागाखाली जाऊन कशाला उभे राहिलात?"

आबांनी फेट्याची घडी घातली, ती उलगडली आणि पुन्हा घातली.

"समदी तुझ्याकडं बघत व्हती," ते म्हणाले. "मधी कुणीतरी उभं राह्याला नगं का?"